ए सुकट! चिडवणाऱ्या टोळीचं काय करायचं आणि पोटातल्या रागाचं काय करायचं

आठवी ते दहावी, तीन वर्षं, शाळेत मला माझ्या नावाने हाक मारणारे फक्त सर-बाई होते. बाकी सगळ्यांसाठी मी सुकट. एकतर अंगाने काडी, त्यात आई सुकी मासळी विकायची, अगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीच्या दिवसांत खळ्यात नुसती सुकट नि खारे बांगडे पसरलेले आणि तिथंच दांडीवर युनिफॉर्म वाळत घातलेला, मग वास लागणारच ना. सकाळी एसटीत चढलो की मागच्या सीटवरून नाक दाबून "सुकट इली रे, खिडकी उघडा" आणि अर्धी गाडी हसायची. मी पण हसायचो. ती माझी सगळ्यात मोठी चूक, पण त्यावर नंतर येतो.

आता मी वेंगुर्ल्याजवळ आमच्याच गावात गणिताच्या शिकवण्या घेतो, आठवी-नववी-दहावी. आणि दरवर्षी एक तरी पोर असं येतं जे गणित येत असून फळ्याकडे यायला तयार नसतं, किंवा कोणी पाठीमागून पेन लावलं तरी वळून एकदम धावून जातं. बघितल्या बघितल्या कळतं मला. त्या पोरांना एकेकट्याला जे सांगतो तेच इथे एकदा लिहून टाकतोय. मी काय डॉक्टर नाय, पण या विषयावर वाचलं बरंच आहे आणि भोगलंय त्याहून जास्त.

आधी माझं एकच म्हणणं सांगतो म्हणजे पुढचं सगळं त्यावरून लागेल. आपल्याकडे गणपती असो, जत्रा असो, कुठलं कार्य असो, आधी गाऱ्हाणं घालतात. एक माणूस उभा राहतो, "बा देवा म्हाराजा" करून सुरुवात करतो, कोण जमलेत, काय अडचण आहे, काय पाहिजे ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतो आणि प्रत्येक वाक्याला अख्खी वाडी म्हणते "व्हय म्हाराजा". राग वर्षानुवर्षं आत कुजतो ना, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं की त्या पोराने गाऱ्हाणं कधी घातलेलंच नसतं, आणि घातलं तर व्हय म्हणायला कोणी नसतं.

मस्करी आहे की दादागिरी ते ओळख

कोकणात नाव ठेवल्याशिवाय माणूस पुरा होत नाही हे मान्य. माझ्या आजोबांना गाव घोरपड म्हणायचा आणि ते स्वतः फोनवर सांगायचे, "घोरपड बोलतंय". म्हणून कोणी तक्रार केली की मोठी माणसं लगेच, "अरे मस्करी ती, एवढं काय लावून घेतोस". तर फरक कसा करायचा. डॅन ओल्वेयस नावाचे नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी शाळेतल्या या छळावर सगळ्यात आधी नीट अभ्यास केला. तिथे १९८२ च्या शेवटी तीन मुलांनी अशा छळामुळे जीव दिला आणि १९८३ मध्ये सरकारने देशभर शाळांमध्ये मोहीम काढली. ओल्वेयस तीन गोष्टी बघायला सांगतात. मुद्दाम केलंय का. पुन्हा पुन्हा होतंय का. आणि समोरच्याची ताकद तुझ्यापेक्षा जास्त आहे का, म्हणजे अंगाने, वयाने, पैशाने किंवा नुसतीच तो चौघांत नि तू एकटा अशी.

मी चौथी माझ्याकडून लावतो. "पुरे आता" म्हटल्यावर थांबतो का? आजोबांनी पुरे म्हटलं असतं तर गाव थांबला असता, शिवाय त्यांनीही गावातल्या निम्म्या लोकांना नावं ठेवलेलीच होती. मला उलटून कोणाला काही म्हणायची मुभा नव्हती. तिथे मस्करी संपते.

आणि नाव वाडीवरून, आडनावावरून, म्हणजे सरळ बोलायचं तर जातीवरून असेल तर मग ती मस्करी आहे का नाही यावर चर्चाच करू नको. अनुसूचित जाती-जमातीच्या पोरांसाठी १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे आणि घरच्यांना त्याच दिवशी सांगायचं.

पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलवर गेलेल्या आपल्या पोरांचा अजून एक प्रकार असतो, भाषेचा. तोंड उघडलं की कोणीतरी नाकात बोलून नक्कल करणार. पहिल्या आठवड्यात गंमत वाटते, तिसऱ्या महिन्यात पोर फोनवर आईशी पण शुद्ध बोलायला लागतं. हे बारीक वाटतं पण बारीक नाय.

त्या वेळी काय करायचं

दोन सल्ले सगळे देतात. एक, दुर्लक्ष कर. दोन, एक ठेवून दे कानाखाली. दोन्ही मी करून बघितलेत.

दुर्लक्ष मी दीड वर्षं केलं, म्हणजे हसण्यावारी नेलं. त्यातून त्यांना एवढंच कळलं की याला चालतं. आणि बघणाऱ्यांना पण तेच कळलं, हे जास्त वाईट, कारण नंतर मी म्हणालो असतो की मला त्रास होतो तर कोणीही म्हणालं असतं, तू तर हसायचास.

नववीत असताना एक दिवस त्यातल्या मुख्य पोराने माझं दप्तर चालत्या गाडीच्या खिडकीतून बाहेर टाकलं, पावसाचे दिवस, खाली लाल चिखल, आणि मी काही विचार न करता हातातली स्टीलची बाटली त्याच्या तोंडावर मारली. ओठाला तीन टाके. त्यानंतर काय झालं सांगू? ऑफिसात मला उभं केलं, बाबांना बोलावलं, आणि त्या दिवसापासून शाळेच्या लेखी मी मारकुटा. दीड वर्षाचा हिशोब कोणी विचारला नाही कारण तो कुठे लिहिलेलाच नव्हता. टाके मात्र सगळ्यांना दिसत होते.

म्हणून मधली वाट. हसू नको, रडवेलं तोंड करू नको, शिवी देऊ नको. त्याच्या डोळ्याकडे नाही जमलं तर कपाळाकडे बघ आणि एकच छोटं वाक्य, सपाट आवाजात. "पुरे." किंवा "नावाने हाक मार." बस. भाषण नको, टोमणा नको, विनोद तर अजिबात नको कारण विनोदात ते तुझ्यापेक्षा तयार असतात. आणि बोलून झालं की तिथे थांबायचं नाही, जागा बदलायची. एसटीत कंडक्टरच्या शेजारी किंवा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. हा पळपुटेपणा नाही. मागच्या सीटवर जे चालतं ते मागची सीट आहे म्हणूनच चालतं.

हे वाक्य आधी तोंडात बसवायला लागतं. ऐन वेळी घसा सुकतो. मी माझ्या एका विद्यार्थिनीला विहिरीवर पाणी काढताना रोज वीस वेळा म्हणायला सांगितलं होतं, तिच्या आईला वाटलं पोरगी कळशीला दम देते.

आणि समोर हाणामारीच होणार असेल, चार जण असतील, हातात काही असेल, तर हे सगळं विसर आणि पळ. दुकान, घर, रिक्षा स्टँड, जिथे मोठी माणसं दिसतील तिथे. पैसे मागत असतील तर दे नि पळ, पैशाचं नंतर बघू.

वही

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी. एक साधी शंभर पानी वही घे आणि झालं की त्याच दिवशी लिही. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण होतं, कोणी बघितलं. "तो मला खूप त्रास देतो" असं नको. "१२ तारखेला, सकाळची गाडी, तिठ्यावर, दप्तर ओढलं, असं असं म्हणाला, पुढे अमुक बसला होता" असं. शब्द घाण असेल तरी तसाच लिही. तीन आठवडे झाले की तीच वही तुझा साक्षीदार. माझ्याकडे ती असती तर बाटलीवाल्या दिवशी ऑफिसात मी नुसता मान खाली घालून उभा राहिलो नसतो.

फोनवरचं असेल तर आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. उलटं नको, कारण ब्लॉक केलं की समोरचा मेसेज उडवू पण शकतो. स्क्रीनशॉटमध्ये नंबर किंवा अकाउंटचं नाव, तारीख, वेळ दिसायला पाहिजे. हल्ली वर्गाच्या ग्रुपवर कोणाच्या तरी फोटोचं स्टिकर बनवतात, डोळे मिटलेला, तोंड वाकडं झालेला, आणि मग दर मेसेजला तोच स्टिकर. शिकवणीतल्या एका पोराचे असे अकरा स्टिकर होते, तो स्वतः मोजायचा. अशा वेळी ग्रुपमध्ये भांडत बसायचं नाही, ग्रुप अ‍ॅडमिनला एकट्याला मेसेज करून काढायला सांगायचं, तो मेसेज पण जपून ठेवायचा, मग बाहेर पडायचं. इन्स्टावर ब्लॉक केलं तर अजून चेकाळतील अशी भीती असेल तर रिस्ट्रिक्ट नावाचं बटण आहे, समोरच्याची कमेंट मग त्याची त्यालाच दिसते, बाकी कोणाला नाही, आणि त्याला कळतही नाही.

खाजगी फोटोवरून कोणी धमकावत असेल तर प्लीज एकट्याने निस्तरायला जाऊ नको आणि पैसे देऊ नको, एकदा दिले की थांबत नाही. अठराच्या आतल्या कोणाचाही तसला फोटो पुढे पाठवणं हाच आयटी कायद्यातल्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे, म्हणून पुरावा म्हणून पण मित्राला फॉरवर्ड करू नको. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर मुलांच्या आणि बायकांच्या अशा तक्रारी नाव न देता पण करता येतात, हेल्पलाइन १९३०. अठराच्या आतल्यांसाठी टेक इट डाउन आणि मोठ्यांसाठी स्टॉप एनसीआयआय अशा दोन फुकट सेवा आहेत, त्यात फोटो तुझ्याच फोनमध्ये राहतो, फक्त त्याचा एक आकड्यांचा ठसा तयार होऊन कंपन्यांकडे जातो आणि त्या कंपन्या तो फोटो आपल्याकडे शोधून काढून टाकतात.

गाऱ्हाणं घालायचं कसं

कोणाला? ज्याला सांगितल्यावर तो लगेच उठून भांडायला जाणार नाही आणि लगेच "तुझंच काहीतरी असेल" पण म्हणणार नाही, असं एक माणूस शोध. आईबाबाच असायला पाहिजेत असं नाही. मावशी, मामा, शिकवणीचे सर, शाळेतले शिपाई काका, कोणीही मोठं. माझ्यासाठी ती आजी निघाली. बाटलीच्या प्रकरणानंतर बाबांनी झोडपलं, मी माडाखाली बसलो होतो, ती आली नि म्हणाली, "रडा नको. काय झाला तां सगळा पयल्यापासून सांग." आणि गप्प बसून ऐकलं. एकदाही मध्ये बोलली नाही, फक्त अधूनमधून "हां, मगे?" हेच तिचं व्हय म्हाराजा. शेवटी म्हणाली, "इतके दिस काढलंस तू?" बस एवढंच, पण मला दीड वर्षात पहिल्यांदा झोप लागली.

पहिल्या माणसाने झटकलं तर दुसऱ्याकडे जा, तिसऱ्याकडे जा. एकाने नाही म्हटलं म्हणजे देवळाचं दार बंद झालं असं नाही. तोंडाने जमत नसेल तर वही पुढे कर नि म्हण, हे वाच.

मग शाळा. तोंडी तक्रार हवेत जाते, कागद राहतो. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज, एक पान पुरे. गाऱ्हाण्यात जो क्रम तोच यात. मी कोण, काय झालं, कधीपासून, कोणी बघितलं, आणि मला काय पाहिजे. शेवटचं फार जण विसरतात. "कारवाई करावी" असं मोघम नको. बसायची जागा बदला, मधल्या सुट्टीत कोणीतरी शिक्षक मैदानावर असू द्या, त्याच्या पालकांना बोलवा, माझ्या पालकांसमोर बोला, असं नेमकं. दोन प्रती काढायच्या आणि एकीवर सही-शिक्का घेऊन पोच घरी ठेवायची. पोच घेतली की अर्ज ड्रॉवरमध्ये झोपत नाही, हा आमच्या ग्रामपंचायतीचा अनुभव. शाळेत तक्रारपेटी असते, शिवाय २०२२ पासून महाराष्ट्रात शाळांमध्ये पोरांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला पाहिजे, विचार आहे का, नुसतं विचारलं तरी लोक सरळ बसतात. आणि त्रास देणारे शिक्षकच असतील, मारत असतील, वर्गासमोर अपमान करत असतील, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने त्याला बंदी आहे, मग पालकांनी केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असं वर जायचं.

कॉलेज-हॉस्टेलवर असशील तर तुझ्या हातात अजून जोर आहे. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, आणि तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. केली नाही तर तो पण त्या गुन्ह्याला साथ दिल्यासारखा धरला जातो. रॅगिंगची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. अठराच्या आतल्यांसाठी चाइल्डलाइन १०९८, चोवीस तास, फुकट. जिवावर आलं तर ११२.

आईबाबांना दोन शब्द, पोरांनो तुम्ही हे त्यांना वाचायला द्या. पोर सांगायला आलं की हातातलं काम ठेवा. पहिलं वाक्य "तू काय केलंस?" नको. लगेच त्या घरी जाऊन तमाशा पण नको, कारण दुसऱ्या दिवशी एसटीत तुम्ही नसता, पोर असतं. आधी त्याला विचारा, तुला काय वाटतं, काय करूया.

आता राग

टोळी एक दिवस थांबते. शाळा बदलते, दहावी होते, काहीतरी होतं. राग थांबत नाही. आणि तो बरोबर पत्त्यावर जात नाही हीच पंचाईत. माझा राग माझ्या धाकट्या भावावर गेला. तो तेव्हा तिसरीत. संध्याकाळी घरी आलो की काहीतरी कारण काढून त्याला टपली, चिमटा, त्याची वही फाड. त्याला मी "ढ" म्हणायचो, रोज, चार पोरांसमोर. एसटीत जे मला मिळायचं ते मी घरी नेऊन त्याला द्यायचो. हे कळायला मला बारावी उजाडली, तेव्हा त्याने एकदा जेवताना मी नुसता पाण्याचा तांब्या उचलला तर डोक्यावर हात घेतला. तो प्रसंग मी कोणाला फारसा सांगत नाही.

राग येतो तेव्हा शरीरात काय होतं ते माहीत असलेलं बरं. मेंदूत अमिग्डाला म्हणून बदामाएवढा भाग असतो, धोका वाटला की तो घंटा वाजवतो, अ‍ॅड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, हात गरम, कान लाल. विचार करून ब्रेक लावणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास कुठे पुरा तयार होतो. म्हणजे पंधराव्या वर्षी इंजिन ट्रकचं आणि ब्रेक सायकलचा. यात तुझी लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ब्रेक वापरायची सवय आत्ताच करावी लागते.

श्वास. मला माहितेय, हे ऐकून कंटाळलायस. पण एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही, घेण्यापेक्षा सोडणं लांब पाहिजे. चार आकडे घे, सात-आठ आकडे सोड, गरम चहावर फुंकर घालतो तशी. सोडताना हृदयाचे ठोके कमी होतात, शरीराला वाटतं धोका गेला. दहा वेळा कर. आणि हे राग नसताना सराव कर, रागात शिकायला गेलास तर नाही जमणार.

दुसरं, "राग बाहेर काढ, उशी बडव" हा सल्ला. ब्रॅड बुशमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने २००२ मध्ये विद्यार्थ्यांना आधी चिडवलं आणि मग काहींना चिडवणाऱ्याचा चेहरा डोळ्यासमोर आणून पंचिंग बॅग मारायला लावली, काहींना नुसतं शांत बसवलं. बॅग मारणारे जास्त चिडलेले निघाले. २०२४ मध्ये त्याने आणि सोफी शेरविकने असे १५४ अभ्यास एकत्र करून बघितले, तर राग उतरवतं ते शरीराला थंड करणारं, म्हणजे श्वास, ध्यान, योग वगैरे. नुसतं पळायला जाणं तर राग वाढवणाऱ्या बाजूला निघालं, चेंडूचे खेळ मात्र कमी करणाऱ्या बाजूला.

मला वाचून आधी पटलं नाही, कारण शिमग्याचं काय मग? होळीला आपण बोंबा मारतो, वर्षभराच्या शिव्या एका रात्रीत देतो आणि सकाळी मोकळं वाटतं. मग विचार केला की शिमग्यात एकटा माणूस एका माणसाला डोळ्यासमोर ठेवून बोंबलत नाही, अख्खी वाडी मिळून बोंबलते, वर ढोल, वर पालखी नाचवायची, आणि मग घरोघर पुरणपोळी. मोकळं बहुतेक त्या सगळ्यामुळे वाटतं, शिवीमुळे नाही. हे माझं मत, शास्त्र नाही. पण तुझ्या खोलीत दार लावून त्याच्या फोटोवर बाण मारत बसशील तर शिमगा होत नाही हे नक्की.

मला स्वतःला दोन गोष्टींनी उतार पडला. एक रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी. दहावीच्या सुट्टीत मामाकडे गेलो तेव्हा रापणीला जायला लागलो. दोन्ही बाजूंनी तीसचाळीस माणसं दोर ओढतात, आणि तिथे ताकद दाखवून चालत नाही, एकट्याने जोर लावलास तर हाताला फोड येतो नि जाळं तसूभर हलत नाही, सगळ्यांच्या तालात पाय मागे टाकायचा असतो. तासभर त्याचा चेहरा डोक्यात येत नसे. शेवटी माझा पण वाटा मिळायचा, टोपलीत चार तारले आणि एखादा बांगडा, आणि तिथे सगळ्यांच्याच अंगाला मासळीचा वास. रापण नसेल तर कबड्डी, व्हॉलीबॉल, भजनाचा मृदंग, दशावतारी मंडळात पडद्यामागे मदत, काहीही जिथे ताल दुसऱ्यांबरोबर धरावा लागतो.

दुसरं लिहिणं. ती पुराव्याची वही वेगळी, ही वेगळी. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ पासून यावर काम केलंय, रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस, मनातलं सगळं, शुद्धलेखन बघायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. काय झालं एवढंच नको, तेव्हा काय वाटलं ते पण. लिहून झाल्यावर पहिल्या दिवशी उलट जास्त वाईट वाटतं, ते चालतं. चौथ्या दिवशी मी जे लिहिलं त्यात त्या पोराबद्दल दोन ओळी आणि हसणाऱ्या बाकीच्या गाडीबद्दल दोन पानं होती. तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की माझा खरा राग कोणावर आहे.

बघणाऱ्यांनो

म्हणून हे. कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून अभ्यास केला होता, तो २००१ मध्ये आला. बघणाऱ्यांपैकी कोणी मध्ये पडलं तर निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, दहा सेकंदांत छळ थांबला. दहा सेकंद! मध्ये पडणं म्हणजे मारामारी नाही. "चल रे, सरांनी बोलावलंय" म्हणून त्याला तिथून घेऊन जा. ते जमत नसेल तर हसू नको. तेही जमत नसेल तर नंतर त्याच्या शेजारी जाऊन बस नि म्हण, "मी बघितलं, ते चुकीचं होतं." माझ्या गाडीत एक मुलगी होती, तिने नववीत एकदा काही न बोलता तिच्या शेजारची सीट मला दिली. मला अजून ती सीट आठवते, खिडकीची रबर निघालेली.

एकट्याने होत नसेल तर

झोप उडालीय दोन-दोन आठवडे, जेवण जात नाही, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं, स्वतःला इजा करावीशी वाटते, किंवा मरून जावं असं मनात येतं, तर आज फोन कर, उद्या नको. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, १४४१६, सरकारी, फुकट, चोवीस तास, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, सिंधुदुर्गवाल्यांसाठी ओरोस. आणि हो, आपल्याकडे "ह्येका रत्नागिरीक धाडूक व्हया" हीच एक शिवी आहे, रत्नागिरीला मनोरुग्णालय आहे म्हणून. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे ते नव्हे. दात दुखला तर वेंगुर्ल्यात जातोस ना, तसं.

माफी

तुला कोणी मागितली तर देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. तू मागायची असेल तर "पण" न वापरता माग. मी भावाची मागितली, तो अकरावीत असताना, सुपारी सोलता सोलता. "तुला ढ म्हणायचो, मारायचो, चूक होती माझी" एवढंच. "माझ्यावर पण तेव्हा असं चाललं होतं" हे जिभेवर आलं होतं, गिळलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "सुपारी नीट सोल." आता तो मला ढ म्हणतो. चालतं.

आणि तो मुख्य पोरगा, ओठाला टाके पडलेला, आता बाजारात मासे विकतो. होय, मासे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रस्ता बदलला, दोन वर्षं दुसरीकडून मासे घेतले. मागच्या गणपतीनंतर एकदा समोरासमोरच आलो. "काय रे सुकट, कसो असस?" छाती तशीच धडधडली, इतक्या वर्षांनी. एक लांब श्वास सोडला नि म्हटलं, "नावान हाक मार." तो जरा हसला, मग माझ्याकडे बघून थांबला, आणि नावाने हाक मारून विचारलं, किती देऊ. अर्धा डझन बांगडे घेतले. पिशवीत टाकताना त्याने दोन जास्त टाकले. मी त्या दोनचे पण पैसे दिले.